तलाक झाला, मग केस का संपत नाही?



मघाशी चहा घेताना एका तरुणाने विचारलं, "ताई, भावाचा तलाक होऊन वर्ष झालं. जमातीसमोर दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. तरी अम्मीला कोर्टाच्या तारखा का पडतात?" आजचं बोलणं याच प्रश्नापासून सुरू करते.

तलाकने निकाह संपतो, गुन्हा संपत नाही. नांदताना छळ झाला अशी तक्रार पोलिसांत गेली की खटला नवरा-बायकोमधला राहत नाही, तो सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. पूर्वीचं कलम ४९८ अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हा गुन्हा दंडाधिकाऱ्यासमोर आपसात मिटवता येत नाही. जमातीच्या कागदाने तर नाहीच. त्यासाठी उच्च न्यायालयातच जावं लागतं, गुन्हा रद्द करून घ्यायला. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८ आहे. २००३ मध्ये बी. एस. जोशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट मोकळी केली आणि २०१२ मध्ये ज्ञान सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ती पक्की केली. खून, बलात्कार यांसारखे गंभीर गुन्हे मात्र तडजोडीने पुसता येत नाहीत.

आता गंमत बघा. २०१९ च्या तिहेरी तलाकच्या कायद्याखालचा गुन्हा बाईची इच्छा असेल तर दंडाधिकाऱ्याच्या परवानगीने तालुक्यातच मिटतो. त्याच जोडप्याची छळाची केस मात्र उच्च न्यायालयात न्यावी लागते. म्हणजे पुन्हा वकील, प्रवास आणि बुडालेली मजुरी. हा गुन्हाही आपसात मिटवण्याजोगा करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केंद्राला सुचवलं होतं.

याच कायद्यातली दुसरी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. एका दमात दिलेला तलाक कायद्याने झालेलाच नसतो. अशा तलाकच्या भरवशावर कुणी 'आता संबंध संपला, केस काढून टाकू' म्हणत असेल, तर पायाच नाही. दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर मुबारात करा, लेखी करा.

आता मुद्द्यावर येते. गुन्हा सहमतीने रद्द होतो तेव्हा न्यायालय बाईचं प्रतिज्ञापत्र बघतं, अनेकदा तिला समोर बोलावून विचारतं, "कुणाच्या दबावाखाली नाही ना?" तिथपर्यंत पोचण्याआधीच आपल्या बैठकीत तिची संमती घासाघीस करून घेतलेली असते. "आधी केस मागे घे, मग खुला मिळेल." "मेहर सोड, मुलं ठेव." बैठकीत बसलेले दहाही पुरुष, आणि सगळ्यांना घाई. मी हे फार वेळा पाहिलंय, आणि मला याचा राग येतो.

मेहर तिचं आहे. इद्दतचा खर्च, आणि पुढच्या आयुष्यासाठी वाजवी तरतूदही तिची आहे. २००१ मध्ये दानियल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. लग्नात माहेरून आणि सासरहून तिला मिळालेल्या वस्तू १९८६ च्या कायद्याने तिला परत मिळायला हव्यात. मुलांची पोटगी तर आईलाही सोडून देता येत नाही, कारण तो हक्क मुलांचा आहे. बहिणींनो, हे सगळं तडजोडीच्या कागदावर आकड्यांसकट, तारखांसकट लिहून घ्या. पैशाचा शेवटचा हप्ता उच्च न्यायालयात तुमचं म्हणणं नोंदवलं जाईल त्या दिवशी डिमांड ड्राफ्टने हातात पडेल असं ठरवा. वकील हे करतात, तुम्ही फक्त मागा.

पोरांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. सहमतीने गुन्हा रद्द झाला म्हणजे तक्रार खोटी होती, असं सिद्ध होत नाही. व्हॉट्सॲपवर तसे निकाल फिरवू नका.

पण दुसरी बाजूही खरी आहे. भिवंडीत नांदणारी नणंद आणि गल्फमध्ये असलेला दीर यांची नावं नुसती यादीत घातली असतील, कुणी काय केलं हे लिहिलंच नसेल, तर त्यांना कुणाच्या संमतीची वाट पाहायची गरज नाही. अशा मोघम आरोपांवर सासरच्या सगळ्यांवर खटला चालवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात म्हटलं. ते स्वतंत्र अर्ज करू शकतात, तलाक झालेला असो वा नसो. आणि तक्रार लिहिताना आपणही वकिलाला सांगावं, ज्याने मारलं त्याचंच नाव घाला. यादी लांबली की खरी तक्रार पातळ होते.

मघाच्या त्या भावाला सांगते, तुमच्या अम्मीची फिर्याद आणि जमातीचा तो कागद, दोन्ही घेऊन ये. अम्मीवर नेमका आरोप काय आहे ते वाचू. पण त्याआधी कागदावर तुझ्या पुतणीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं, नाव शोधू. तिच्या खर्चाचं काही लिहिलंय का, ते मला बघायचंय.