तोंडाळ माणसाची विनवणी

श्रोतेहो, वॉशिंग्टन शहरचा कृष्णवर्णीय नभोवक्ता पीटी ग्रीन याच्या चरित्रावर कासी लेमन्स यांनीं २००७ सालीं 'टॉक टू मी' हा चित्रपट काढला. ग्रीन तुरुंगांत कैद्यांना ध्वनिमुद्रिका ऐकवी. सुटल्यावर तो शहराच्या नभोवाणीवर आला. भाषा शिवराळ, आम्हां जुन्या मास्तरांच्या कानांस ती टोंचतेच! परंतु ४ एप्रिल १९६८ रोजीं मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, शहर पेटलें, तेव्हां शांत राहण्याची त्याची विनवणी लोकांना कोरडा उपदेश वाटली नाहीं. एरवीं कोणा सत्ताधाऱ्याची भीड न धरणारा हा मनुष्य आपलेंच दुःख बोलत आहे, हें ते जाणून होते. डॉन चीडल यांनीं हा प्रसंग मोठ्या समजुतीनें वठविला आहे. १९८४ सालीं ग्रीन वारला. अंत्यदर्शनास हजारों लोक लोटले.