दिवाळीआधीचे चार आठवडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)

घटस्थापना झाली की दिवाळीला साधारण चार आठवडे उरतात. पावसाने चार महिने झोडपून काढलेले घर याच दिवसांत आपल्या डोळ्यांत भरू लागते. कोठे पोपडे सुटलेले असतात, कोठे शेवाळ धरलेले असते, तर कोठे छपरातून ओघळलेल्या पाण्याची पिवळी रेघ थेट देवघरापर्यंत आलेली असते. मग घरोघर एकच प्रश्न निघतो, ‘यंदा रंग कोणता द्यावयाचा?’ मला आज एवढेच सुचवावयाचे आहे की, हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा की, या घरात पाणी कोठून शिरले? ज्याने या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले त्याची दिवाळी थोड्या खर्चात होते. ज्याने ते टाळले त्याला तोच खर्च दरवर्षी करावा लागतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून मिळालेले नाही. बालाघाट जिल्ह्यातील किरनापूर हे माझे आजोळ. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा बनविण्यात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्यप्रदेशात राहिला. पण मराठी, पोवारी आणि हिंदी ही तिन्ही तेथे आजही एकाच अंगणात ऐकू येतात. मुलूख धानाचा, आणि पाऊस पन्नास इंचांच्या वर. माझ्या मामांचे घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंच्या छपराचे होते. वैशाखात कवेलू फेरावयाचे, पोळ्याआधी ओसरी सारवावयाची आणि दिवाळीआधी भिंती छबवून त्यांवर पांढऱ्या मातीचा हात फिरवावयाचा, असा त्या घराचा वार्षिक क्रम ठरलेला होता.

मला नोकरी लागली त्या वर्षी हा क्रम मी मोडला. दिवाळीला घरी जाताना थोडे पैसे साठवून नेले होते. मामीने दरवर्षी चिखल का तुडवावा, असे मनात आले. गवंडी बोलावला, दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा करविला आणि त्यावर पिस्ता रंगाचे तैलरंगाचे दोन हात दिले. मामी दारात उभी राहून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, “भिंतीला तहान बी लागते आन् घाम बी येते, बापू. तू त तिचं तोंडच बुजवलं.” मी हसलो. त्या दिवाळीत सगळ्या आळीने घराची वाहवा केली.

पुढच्या श्रावणात भिंतीच्या पायथ्याशी गिलाव्याला फुगवटा आला. बोटाने टिचकी मारली तर पोकळ आवाज येई. एका रात्री हातभर लांबीचा तुकडा खाली आला आणि त्याच्या मागची माती लापशीसारखी भिजलेली दिसली. रोज त्या भिंतीशी बांधली जाणारी शेळी त्या रात्री पावसामुळे आत घेतली होती, म्हणून वाचली. मामीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने पदर खोचला आणि माती भिजत घातली.

झाले काय होते, ते पुढे एका जाणत्या गवंड्याने मला समजावून दिले. मातीची भिंत जमिनीतून आणि हवेतून ओल घेते आणि ऊन पडले की ती बाहेर सोडते. तिच्यावरचे माती-शेणाचे किंवा चुन्याचे लेपण या येण्याजाण्याला वाट देते. सिमेंट आणि तैलरंग ती वाट बंद करतात. शिवाय माती ओलीने फुगते, सुकली की आकसते. सिमेंट तसे करीत नाही. त्यामुळे दोघांची सांगड सुटते, बारीक तडा जातो, तड्यातून पाणी आत शिरते आणि आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही. सगळी ओल पायथ्याशी गोळा होते, आणि मातीची भिंत नेहमी पायथ्याशीच ढासळते. थोडक्यात म्हणजे पैसे खर्च करून मी भिंत आजारी पाडली होती.

आता चार आठवड्यांचा विचार करू. पहिला आठवडा केवळ पाण्यासाठी ठेवावा. घराभोवती एक फेरी मारून पाहावे की वळचणीच्या पागोळ्या कोठे पडतात. भिंतीच्या अगदी जवळ पडत असतील तर त्यांचे शिंतोडे उडून पायथा झिजतो. छपराची वळचण हातभर पुढे काढता आली तर उत्तमच. नाही तर पागोळ्या पडतात त्या ओळीत खडी किंवा गोटे पसरावेत, म्हणजे थेंबाचा जोर मोडतो. तेथून उताराने एक चर काढून पाणी अंगणाबाहेर न्यावे. या कामाला कुदळ आणि दोन सकाळी पुरतात. फुटलेले कवेलू याच आठवड्यात बदलावेत. मात्र कवेलूंखाली विंचू-साप दडलेले असतात, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने चाळवावे. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी समजावी आणि ती लाकडापर्यंत पोचण्याआधी खरवडून काढावी.

दुसरा आठवडा भेगा आणि लेपण यांचा. चाळलेली माती, बोटभर कापलेली तणस आणि शेण पाण्यात एकत्र भिजवून चार ते आठ दिवस मुरू द्यावे आणि रोज तुडवावे. म्हणून ही माती पहिल्या आठवड्यातच भिजत घालणे सोईचे. माती जमली की नाही हे पाहण्यास तिची एक लहान पोळी थापून उन्हात वाळवावी. ती तडकली तर माती फार चिकट आहे, थोडी रेती मिसळावी; बोटाने चुरा झाली तर चिकट माती वाढवावी. ही परीक्षा फुकट आहे आणि ती केल्याने सगळी भिंत पुन्हा लिंपण्याचा ताप वाचतो. लेपण करण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडावे, आणि एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत.

तिसऱ्या आठवड्यात सफेदी. या मुलखात भिंतींना छुई माती, म्हणजे पांढरी माती, लावण्याची जुनी चाल आहे. तिचा शुभ्रपणा डोळ्यांना गार वाटतो. परंतु तिच्याविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर ही माती खणण्यास गेलेल्या बायका आणि मुली दरड अंगावर कोसळून दगावल्याच्या बातम्या मध्यप्रदेशातून आणि छत्तीसगडातून पुन्हा पुन्हा येतात. चांगली माती वरच्या थराखाली असते. ती खणता खणता खाण आतून पोकळ होते, वर छप्पर राहते, आणि पावसाने भिजलेले ते छप्पर केव्हा बसेल याचा नेम नसतो. म्हणून अशा कपारीत कोणीही शिरू नये, मग माती कितीही पांढरी असो. उघड्यावर, वरून खणता येईल तेवढीच घ्यावी. त्याहून बरे म्हणजे ग्रामपंचायतीने दसऱ्याआधी सुरक्षित जागेची एखादी ट्रॉली माती चौकात आणून टाकावी. भिंत उजळण्यासाठी कोणाच्या घरातला दिवा विझू नये.

आणि छुई माती न मिळाली तर चुना आहेच. एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी, असे प्रमाण धरावे. चुना हळूहळू पाण्यात सोडावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळे जपावेत आणि मुलांना दूर ठेवावे. भांडे लोखंडाचे घ्यावे. अॅल्युमिनियमचे भांडे चुना खातो. एक दिवस-रात्र तो तसाच राहू द्यावा आणि मग जाड्याभरड्या कापडातून गाळावा. डिंक गरम पाण्यात विरघळवून दर लिटरला सुमारे चार ग्रॅम या हिशेबाने घालावा, म्हणजे हाताला पांढरे लागत नाही. धानाच्या मुलखात याच कामी भाताची पेजही वापरतात. एका किलो चुन्याला फार तर तीन ग्रॅम नीळ पुरे होते. येथे नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. ओला चुना भिंतीवर पारदर्शक दिसतो. त्यामुळे तो घाबरून दाट कालवितो आणि तो थर पुढे पापुद्र्यांनी सुटतो. धीर धरावा. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो आणि तेव्हाच तो पांढरा दिसू लागतो. पातळ हात, एक उभा आणि एक आडवा, हाच खरा.

कोणी म्हणेल, आता मातीची घरे राहिली किती? हे खरेच आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतून खेडोपाडी पक्की घरे उभी राहिली. त्यांचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठेवलेले आहे. अशा घराला सारवण नको, पण पहिला प्रश्न तोच राहतो. पावसाळा सरताच गच्चीवर जाऊन पन्हळीतील पाला काढावा, पाणी कोठे साचते ते पाहावे आणि स्लॅबच्या भेगा बुजवाव्यात. भिंतीवर खार फुटला असेल तर त्यावर पुट्टी आणि रंग चढविणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. आधी ओलीचे कारण काढावे आणि भिंत पुरती सुकू द्यावी. जुना तैलरंग काढावयाचा असेल तर तो कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ मुलांना बाधक आहे. ओल्या पॉलिशपेपरने घासून निघालेली घाण पुसून घ्यावी. नव्या रंगांबाबत कायदा आता कडक झाला आहे. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे चालत नाही. खरेदीच्या वेळी डब्यावर तसा उल्लेख आहे ना, एवढे पाहून घ्यावे. आणि जो चुना भिंतीला लावतो त्याचे दोन हात उन्हाळ्याच्या तोंडी गच्चीवरही मारावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो आणि खालची खोली जाणवण्याइतकी थंड राहते.

चौथा आठवडा सजावटीचा. येथे मला फार सांगावयाचे नाही, कारण भिंत स्वच्छ आणि कोरडी असली की थोडीही सजावट खुलते. पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा वीतभर पट्टा ओढला की खोलीला चौकट येते, आणि झाडताना लागणारा मळही लपतो. दारावर बाजारातील प्लास्टिकच्या माळेऐवजी नव्या धानाच्या लोंब्यांचे तोरण बांधावे. ते दिवाळीला शोभा देते आणि मागून चिमण्यांच्या उपयोगी पडते. बालाघाटच्या रानात बांबूला तोटा नाही. त्याच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांचा आकाशकंदील मुलांनी एका दुपारी करावा. फडताळ किंवा कपड्यांची वलणी अशी टिकाऊ वस्तू करावयाची असेल, तर मात्र बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा आणि सावलीत वाळवावा. पाण्यात त्याच्यातील पिष्ठ उतरते, आणि किडा जो लागतो तो त्या पिष्ठाच्या लोभाने लागतो. जुन्या लुगड्यांचे पडदे, पिठाची रांगोळी, झेंडूच्या माळा हे तर आपल्या बायकांना कोणी शिकवावयास नको.

आणि बायकांचे नाव निघाले म्हणून शेवटी एक गोष्ट. घराची ही सगळी विद्या आजवर त्यांच्या हातांत राहिली. चिखल त्यांनी तुडविला, भिंती त्यांनी छबविल्या, शेणाने हात त्यांचे भरले. पण रंगाचा डबा घरात आला की निर्णय आपण पुरुष घेतो. कारण पैसे आपण मोजलेले असतात. मी तेच केले होते. हलका धान कापणीला येतो तो याच दिवसांत, आणि दिवसभर शेतात वाकलेल्या बाईवर संध्याकाळी भिंतीचे काम पडते. तेव्हा यंदा सकाळचे दोन तास घरातल्या सर्वांनी द्यावेत. चर मुलांनी खणावा, चुना पुरुषांनी कालवावा. आणि कोणत्या भिंतीला काय सोसेल हे मात्र जिने ती वर्षानुवर्षे सांभाळली तिला विचारावे.

मामी आता थकली आहे. भिंतीला हात लावण्याचे काम मी करतो, आणि ती ओसरीवर बसून सूचना देते. गेल्या दिवाळीला तिने मी लिंपलेल्या कोपऱ्यावर अंगठा दाबून पाहिला आणि थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “यंदा टिकते.”

पावसाळाभर ती भिंत टिकली.