शाळेतले दोन तास आणि बुडणारा रोज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणावरून)



शिक्षणाचा विषय निघाला की आपण अनुदान, फी, माध्यम, शिक्षकांची रिक्त पदे यांविषयी बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. आज मात्र मी एक लहानसा वाटणारा प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. पहिलीतल्या मुलाच्या आईला किंवा बापाला महिन्यातून दोन तास त्याच्या शाळेत जाऊन बसता येते काय? येत नसेल तर ते कशामुळे?

कायद्याने दार उघडले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा सांगतो की सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात. शाळेच्या कारभारावर देखरेख करणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे ही या समितीची कामे. गरिबाच्या हाती इतका अधिकार देणारे कायदे आपल्याकडे फार नाहीत. पण सभा भरते ती बहुधा शाळेच्या वेळात. त्या वेळी ही आई कापूस वेचीत असते, नाही तर चार घरची भांडी घाशीत असते. सभेला यावे तर खाडा पडतो, रोज बुडतो. त्या बुडालेल्या रोजाची भरपाई कायद्यात कोठेही नाही. मग पुष्कळ ठिकाणी इतिवृत्त आधीच लिहून होते, वही मुलाबरोबर घरी जाते, आई सही करते वा अंगठा उठवते आणि कागदावरची लोकशाही यथासांग पार पडते.

यावरून ‘या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही’ असा निष्कर्ष काढणारे सुखवस्तू विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांनी कोणाच्या आस्थेची परीक्षा घेतली नाही; श्रमाचे तास पाहिले आणि शाळेचे तास त्यांना जुळवून घेतले. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षणाचे काम सुरू केले. त्यांनी व अनुताई वाघांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच प्रयोगातून आला. शाळा दारात भरली की आईला निमंत्रण धाडावे लागत नाही. ती हातातले काम करता करता आपले मूल काय करते ते पाहते. आज प्रवाह उलट दिशेने वाहतो आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याची कल्पना राज्य सरकारने २०२३ साली पुढे आणली. मुलांना वाहनाने नेऊ, असे सांगण्यात आले. त्या वाहनात आईला जागा आहे काय, हे कोणी विचारले नाही.

आणि आई तेथे जाऊन करणार काय, असे आपल्यातलेही काही जण विचारतात. तिला निरक्षर म्हणून मोडीत काढण्याचे कारण नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून ती तासभर बसली तरी तिला पुष्कळ दिसते. घरी कातकरी बोलणारे आपले पोर पुस्तकातल्या मराठीपुढे गप्प का होते, हे तिला कळते. खिचडीत डाळ किती आणि पाणी किती, हे तिच्याइतके अचूक कोणता अधिकारी सांगेल? मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर ते तिच्या नजरेतून सुटत नाही. एकच शिक्षक दोन इयत्ता सांभाळतो, मध्येच उठून कुठली तरी माहिती वर पाठवतो, हेही ती पाहते. जनगणना, निवडणूक व आपत्तीनिवारण सोडून अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे हाच कायदा म्हणतो. पालक म्हणजे नवा तपासनीस, ही धास्ती घेणाऱ्या शिक्षकबंधूंना माझे सांगणे आहे की हा भार डोळ्यांनी पाहिलेला पालकच उद्या मोर्चात तुमच्या शेजारी उभा राहील. भरमसाट फीच्या शाळांतही पालकसभा होतात, परंतु तेथे पालक गिऱ्हाईक म्हणून येतो आणि गुणपत्रक घेऊन परततो. ते अनुकरण आपल्याला नको.

तेव्हा आपल्या मागण्या सरळ आहेत. सभेची वेळ समितीतल्या स्त्रियांनी ठरवावी. ग्रामपंचायत सदस्याला बैठक भत्ता मिळतो, तसा पालक सभासदालाही मिळावा, आणि तो रोजाइतका असावा. जेथे आपली युनियन आहे तेथे शाळेसाठी तीन महिन्यांतून अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी हे कलम मागणीपत्रात घातले पाहिजे. ही सुटी बापानेही घ्यायची आहे, हे येथे बसलेल्या पुरुष कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. कोयता निघाला की गावातली समिती सहा महिने ओस पडते. त्यांच्यासाठी साखर कारखान्याच्या तळाजवळ जी शाळा असेल, तिच्या समितीत हंगामापुरती तळावरच्या पालकांना जागा मिळावी, ही मागणी येत्या गळीत हंगामाआधी जिल्हा परिषदेपुढे मांडायची आहे. तिचा मसुदा आज दुपारच्या सत्रात आपण तयार करू.