मज्जातंतूंची पुनर्वाढ आणि श्वान पेशी

मज्जातंतू तुटला असता त्याचा स्नायूकडील भाग काही दिवसांतच विघटित होतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखविले. परंतु थिओडोर श्वान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्लिया वर्गातील आधारपेशी मात्र मागे राहतात, नष्ट तंतूंचे अवशेष दूर करतात आणि रांगेने उभ्या राहून दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढणाऱ्या नव्या तंतूस मार्ग दाखवितात. काही मोजकेच तंतू तुटले असतील, तर तंतू जेथे स्नायूला जोडला जातो त्या संधिस्थानावरच्या श्वान पेशी आपल्या शाखा शेजारच्या शाबूत संधिस्थानापर्यंत पसरवून जणू पूल बांधतात, आणि त्यावरून तेथील तंतूचा अंकुर निराधार स्नायुतंतूपर्यंत पोहोचतो. मात्र फार विलंब झाल्यास या पेशींचे साहाय्य क्षीण होते. म्हणून अशा जखमेवर इलाजाची तजवीज तातडीने करणे अत्यंत अगत्याचे आहे.