खुला पाणवठा, आपली घागर

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास कानी येतो. 'इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, आता कॉम्प्युटरचे दार बंद झाले का?' आम्ही बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर. संगणकतज्ज्ञ नव्हे. तरीही या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करतो, कारण दाखला डोळ्यांसमोर आहे.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरचा मॅट मुलनवेग हा तरुण. शाळेत तो सॅक्सोफोन वाजवायला शिकला, कॉलेजात त्याने राज्यशास्त्र घेतले. संगणकशास्त्राची पदवी त्याच्याजवळ नाही. 'बी-टू' नावाची वेबसाइट चालविण्याची एक प्रणाली तो वापरीत होता. तिच्या कर्त्याचे काम थांबले. परंतु प्रणाली जीपीएल या परवान्याखाली होती. म्हणजे कोणीही तिची आज्ञावली वाचावी, सुधारावी आणि पुढे वाटावी. इंग्लंडमधील माइक लिटल यांच्या साथीने त्याने ते काम हाती घेतले आणि २७ मे २००३ रोजी 'वर्डप्रेस'ची पहिली आवृत्ती बाहेर पडली. तेव्हा त्याचे वय होते १९. आज जगातील दर दहा वेबसाइटपैकी सुमारे चार वर्डप्रेसवर चालतात.

अशा स्वयंशिक्षिताला नेमके काय यावे लागते? बँकेच्या उदाहरणाने सांगतो. ग्राहकाला काउंटर दिसते, खातेवही आत असते. वेबसाइटचेही तसेच. पानाचा सांगाडा, म्हणजे शीर्षक, परिच्छेद, दुवे, एचटीएमएलने उभा राहतो. रंग, अक्षर आणि मांडणी सीएसएसने येते. बटण दाबताच पानावर हालचाल होते ती जावास्क्रिप्टमुळे. हे झाले काउंटर. आत बसलेला कारकून म्हणजे पीएचपीसारखी भाषा. ती ग्राहकाची स्लिप घेते, मायएसक्यूएल नावाच्या खातेवहीतून नोंद काढते आणि बाहेर आणून देते. वर्डप्रेस याच जोडीवर उभे आहे.

काउंटरची बाजू शिकायला गुरूची वाट पाहावी लागत नाही. संगणकावर कोणतेही पान उघडून त्याचा एचटीएमएल मजकूर पाहता येतो. दुसऱ्याचे पान वाचावे, स्वतः लिहावे, चुकावे, दुरुस्त करावे. अनेकांनी ही विद्या अशीच मिळविली.

पण मित्रहो, एक धोकाही ध्यानात घ्या. स्वतः शिकणारा मनुष्य गरजेपुरते शिकतो आणि पाया कच्चा राहतो. स्लिप न तपासता पैसे देणारा कारकून बँक बुडवील. तसेच बाहेरून आलेला मजकूर न तपासता खातेवहीपर्यंत जाऊ दिला, तर भामटा त्यातूनच हुकूम घुसवून सारी माहिती पळवितो. लोकांचे पासवर्ड जसेच्या तसे साठविणे हाही तसाच गुन्हा. पान दिसू लागले म्हणजे विद्या आली, असे समजू नका. पदवी नसेल तर केलेले काम हेच आपले प्रमाणपत्र, आणि ते तपासणीला उतरले पाहिजे. मुलनवेगने कॉलेज मध्येच सोडले. त्याचे तेवढे अनुकरण करू नका. पदवी घ्या आणि जोडीला हे शिका. बाबासाहेबांनी पदव्याही घेतल्या आणि ग्रंथालयातील स्वाध्यायही सोडला नाही.

आता मूळ मुद्दा. टिम बर्नर्स-ली यांनी 'सर्न' या संस्थेत निर्माण केलेले वेबचे तंत्र ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. पाणवठा खुला झाला. परंतु महाडचा इतिहास आपण विसरलो नाही. चवदार तळे १९२४ साली नगरपालिकेने ठरावाने खुले केले होते. तरी पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह चालत जावे लागले. कागदावर खुले असणे वेगळे, ओंजळीत पाणी येणे वेगळे. आजही ही विद्या खुली आहे, पण शिकविणारे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. घरात संगणक नाही, मोबाइलच्या लहान पडद्यावर आज्ञावली लिहिणे कठीण, आणि अडले तर विचारावे कोणाला? त्यातही घरकामाला जुंपलेल्या मुलीला बसायला जागा आणि वेळ कोण देणार?

म्हणून आमची संस्थेला विनंती आहे. अभ्यासिकेत निदान दोन संगणक ठेवावेत. दर रविवारी दोन तास, ज्याला येते त्याने मराठीतून शिकवावे. मुलींसाठी जागा राखून ठेवावी. पहिला पाठ म्हणून आपल्या ग्रंथालयातील पुस्तकांची यादी मुलांनीच वेबसाइटवर आणावी. सभासदांनी वर्गणीत थोडी भर घालावी. आमचा वाटा आम्ही आजच देत आहोत.

तथागतांनी स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगितले, आणि त्यांनीच संघही स्थापन केला. मुलनवेग स्वतः शिकला खरा, पण दुसऱ्याने खुले ठेवलेल्या कामावर उभा राहिला आणि आपले कामही त्याने खुले ठेवले. आपणही शिकावे आणि मागून येणाऱ्याचा हात धरावा. पाणवठा खुला आहे, घागर आपण उचलू या.

जयभीम! नमो बुद्धाय!