मैत्रिणींना गाव दाखवले तेव्हा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. उभे राहून बोलायची मला सवय नाही. पण चिटणीसबाईंनी नाव लिहून घेतले, तेव्हा गेल्या श्रावणात घडले तेच सांगते.

माझे माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरकडचे. यांच्या नोकरीमुळे २०१३ साली आम्ही जठारपेठेत बिऱ्हाड केले. आलो तो नेमका मे महिना! पारा चव्वेचाळीसवर, आणि नळाला रोज पाणी नाही. पहिल्याच दिवशी भाजीवालीने विचारले, "सांबार देऊ का?" मी म्हटले, "भाजी दे, सांबार मी घरी करीन." ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे शेजारच्या आजींनी सांगितले. त्याच आजी भिंतीवरून हाक मारीत, "काऊन वं, उदास दिसून राहिली?" तो 'वं' मला तेव्हा फार उर्मट वाटे. माझ्याही बोलण्याला मुली हसत, कारण आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात. मग मी बोलणेच कमी केले. भांड्यांची एक पेटी तर चार वर्षे उघडली नाही. आज ना उद्या बदली होईल, पुन्हा बांधाबांध कशाला!

गेल्या श्रावणात शाळेतल्या दोन मैत्रिणी महाराष्ट्र एक्स्प्रेसने शेगावला दर्शनाला आल्या, आणि तेथून माझ्याकडे. जेवायला रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण केले. संध्याकाळी त्यांना जुन्या शहरात नेले. असदगड दाखवला. औरंगजेबाचा वजीर असदखान, त्याच्या नावाचा हा किल्ला, १६९७ सालचा. पण त्याआधीची गोष्ट मला जास्त आवडते. अकोलसिंह नावाच्या राजाने येथे एका सशाला कुत्र्याच्या मागे लागलेले पाहिले, आणि ही जागाच शूर आहे असे समजून मातीचा कोट घातला म्हणे.

राजराजेश्वराच्या देवळात दुसरी गोष्ट सांगितली. राणी रात्री एकटीच देवाला जाई. राजाला संशय आला, तलवार घेऊन तो मागे गेला. राणीने देवाचा धावा केला, पिंड दुभंगली, आणि राणी आत गडप झाली. लुगड्याचा पदर तेवढा बाहेर राहिला. एक मैत्रीण म्हणाली, "आणि त्या राजाला काहीच झाले नाही?" मीही आजींना हेच विचारले होते. त्या म्हणाल्या होत्या, "त्याले काय होते वं? राजा होता तो."

परतताना मोर्णेच्या पुलावर दुसरी मैत्रीण नाकाला पदर लावून म्हणाली, "शी! ही नदी की गटार? कशी राहतेस गं तू इथे?"

माझ्या तोंडून एकदम निघाले, "काऊन वं? तुमच्या पंचगंगेत जलपर्णी नाही होत?" आवाज इतका चढला की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले. मी सांगत सुटले, जानेवारी २०१८ मध्ये ही नदी साफ करायला हजारो माणसे उतरली होती, मीही पदर खोचून जलपर्णी ओढली होती, तीन दिवस हात खाजत होते. ती गप्प झाली. घरी येईपर्यंत कोणीच बोलले नाही. मला लाज वाटली, कारण पहिल्या वर्षी मी स्वतः याच पुलावर हेच बोलले होते. आणि तो 'वं' माझ्या तोंडी कधी बसला, कळलेच नाही. आजी असत्या तर खूप हसल्या असत्या. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली.

रात्री मी मैत्रिणीची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, रागावलीस पण किती जोरात!" दुसरा दिवस श्रावणातला शेवटचा सोमवार. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन आलेल्या कावडी आम्ही तिघींनी गर्दीत उभे राहून पाहिल्या. १९४४ पासूनची ही चाल. अनवाणी पोरांचे पाय पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी आले.

जाताना दोघी म्हणाल्या, "पुढच्या खेपेला नरनाळा दाखव." मी हो म्हटले खरे, पण भगिनींनो, मी स्वतःच तो अजून पाहिलेला नाही! तेव्हा मंडळाची एक सहल तिकडे निघावी, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. रोडगे मी करीन.