साथ रोगाची आणि साथ वावड्यांची



नामपल्लीचे प्रदर्शन-मैदान सर्वांच्या परिचयाचे आहे. मृग नक्षत्र निघाले, की दम्याचे सहस्रावधी रुग्ण जिवंत मासोळीच्या मुखातून दिला जाणारा ‘प्रसाद’ घेण्यासाठी तेथे येतात. त्याचा गुण शास्त्रीय कसोटीने सिद्ध झालेला नाही; तरी रांग सरत नाही. ज्यास बरे वाटते तो चारचौघांत सांगतो. ज्यास वाटत नाही तो दैवाला बोल लावून मुकाट्याने परततो. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे हे वाटप बंद राहिले. मैदानावरची गर्दी थांबविता आली. भ्रमणध्वनीवर जमलेली वावड्यांची गर्दी मात्र थांबली नाही.

हा दोष यंत्राचाच म्हणावा, तर १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा असले यंत्र नव्हते. राणीच्या पुतळ्याची विटंबना झाली, तिचा सूड म्हणून इस्पितळात रुग्णांची काळजे काढून घेतात, अशी आवई तेव्हा उठली. ऑक्टोबरात गिरणी-कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. त्या आवईच्या मुळाशी भय होते, आणि भयाहून मोठा अविश्वास होता. माणूस घरातून उचलून नेला जाई आणि पुढचे घरच्यांस कळत नसे. जेथे खरे सांगणारा कोणी नसतो, तेथे खोटे सांगणारास आसन मिळते. उलट, हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. आणि त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता निवर्तल्या. विश्वास हुकुमाने मिळत नाही, तो असा मिळतो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. २०२० च्या प्रारंभी, कोंबडीच्या मांसाने कोरोना होतो अशी वार्ता पसरली. अखेर फेब्रुवारीत हैदराबादेस तेलंगणाच्या मंत्र्यांना व्यासपीठावर ते खाऊन दाखवावे लागले. शाकाहारी घरांतून ही वार्ता विशेष समाधानाने पुढे गेली असल्यास नवल नाही. जे मनास आधीच पटलेले असते, त्याचा पुरावा मागावा असे कोणास सुचत नाही. शिवाय खोट्यास नवलाईचे पंख असतात. ट्विटरवरील सव्वा लाखाच्या आसपास वार्तांचा अभ्यास २०१८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. खरीपेक्षा खोटी वार्ता पुढे धाडली जाण्याचा संभव ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसले. आणि हे काम यंत्रांहून माणसांनीच अधिक केले होते.

तिसरे कारण भक्तजनांस सर्वांत जवळचे आहे. असला संदेश बहुधा द्वेषाने नव्हे, मायेने धाडला जातो. आपल्या माणसास अपाय होऊ नये, ही त्यामागची तळमळ असते. आणि तो गुरुबंधूकडून आला, त्याखाली एखाद्या सत्पुरुषाचे नाव असले, म्हणजे वाचणारा शंका घेणे हाच अपराध मानतो. मठात पिढ्यान्‌पिढ्या साठलेला विश्वास अशा वेळी कोणा अनोळखी माणसाच्या खोट्या नाण्यास चलन मिळवून देतो. त्या नाण्यावर विसंबून कोणी औषध टाळले, लस टाळली, तर त्याची किंमत प्राणाने द्यावी लागते.

म्हणून श्रद्धावंताची जबाबदारी इतरांहून मोठी आहे. गुरूवरील श्रद्धा आणि गुरूच्या नावे आलेला प्रत्येक मजकूर या दोन भिन्न गोष्टी आहेत. संदेश कोठून आला हे विचारणे, वैद्यास दाखविणे, आणि खात्री होईतो तो आपल्यापाशीच थांबविणे, हेही सत्याचे व्रतच होय. साथीच्या दिवसांत हे व्रत पाळणारा शेजाऱ्याच्या प्राणाचे रक्षण करतो.